कंपनी बघायला आलेले पाहुणे

उस्मानपुऱ्यात औषधाच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कंपन्यांना माणसं आणि माणसांना कंपन्या शोधून देणं हे काम. मी सुरुवात केली तेव्हा याला नोकरभरती म्हणत. मग प्लेसमेंट म्हणू लागले, मग एचआर सोल्यूशन्स, आणि अलीकडे एका कंपनीनं मला ईमेलमध्ये 'टॅलेंट पार्टनर' करून टाकलं. काम फारसं बदललेलं नाही. फोन करायचा. पूर्वी तो उचलला जायचा, एवढाच फरक.

पूर्वी जिन्यावर रांग असायची. मुलं गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी शर्टाच्या आत घालून यायची. खालचा दुकानदार ओरडायचा, "अरे, गिऱ्हाइकाला वाट तर द्या!" आता जिना मोकळा असतो आणि तोच दुकानदार काळजीनं विचारतो, "मॅडम, धंदा बरा चाललाय ना?" मुलं मुलाखतीत हो म्हणतात, पगाराला हो म्हणतात, आणि रुजू व्हायच्या सकाळी त्यांचा फोन बंद असतो. दोन दिवसांनी कळतं की पुण्याला गेला. किंवा कुठंच गेला नाही, गावातच मोटारसायकलवर पार्सलं पोचवतोय. त्याला तरी काय बोलायचं? कंपन्यांनी 'कायम' हा शब्द टाकून दिला, मग मुलांनीही दिला. मध्ये उभी मी, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी माझ्या वाट्याला.

ऑफिसात माझ्या जोडीला एक आपा आहेत. जुन्या शहरात राहतात. माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाजानं माझ्याहून लहान. पलीकडचा माणूस खेकसला तरी त्या "जी बेटा" म्हणतात. मुलगा फोन उचलत नसेल तर त्याच्या आईला करतात, आणि आईशी बोलता बोलता तिच्या गुडघ्यांची, सुनेची, म्हशीची चौकशी करतात. आजकाल कंपन्या म्हणतात की निवडीचं काम आता संगणक करणार. करू दे. म्हशीची चौकशी तो कशी करतो ते मला बघायचंय.

तर अलीकडेच शेंद्र्याच्या पुढं एक नवी कंपनी आली. गाड्यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक भाग तयार करणारी. तिला कामावर मुलीच हव्या होत्या. का, याची मला दोन कारणं मिळाली. एचआर मॅनेजरच्या सादरीकरणात 'महिला सक्षमीकरण' असं लिहिलं होतं आणि मागे उगवत्या सूर्याचं चित्र होतं. उत्पादनाचे साहेब म्हणाले, "पोरं शिकली की पुण्याला पळतात, आणि शिकेपर्यंत संडासात मोबाइल घेऊन बसतात." मला दुसरं कारण जास्त खरं वाटलं, कारण त्याला चित्र नव्हतं.

हा एचआर मॅनेजर तिशीचा, वर उत्तरेतल्या डोंगराकडचा. इथं येऊन त्याला वर्ष झालं होतं. वेरूळ-अजिंठा बघून झालं होतं, पण ओळखीचं घर एकही नव्हतं. मराठीत त्याला 'चालेल' हा एकच शब्द यायचा आणि तोच तो कुठंही वापरायचा. एकदा मी म्हटलं, माझ्या आईचं ऑपरेशन आहे, दोन दिवस येणार नाही. तो गंभीर होऊन म्हणाला, "चालेल."

मुली शोधणं अवघड नव्हतं. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे आयटीआय झालेल्या मुली पुष्कळ. अडचण ही की अर्जावर नंबर मुलीचा नसतो. वडलांचा असतो, नाही तर भावाचा. आपा फोन लावायच्या.

"बेटी से बात करनी थी. नौकरी का था."

"बोला ना, मी तिचा भाऊ. तिचं लग्न करायचंय आमाला."

"करो बेटा, जरूर करो. पर तब तक?"

'तब तक'चा विचार त्या घरात कुणी केलेलाच नसायचा.

तरी बऱ्याच मुली आयांना घेऊन मुलाखतीला आल्या, पास झाल्या, हसत गेल्या. कंपनीनं कारखान्याशेजारी त्यांच्यासाठी वसतिगृह बांधलं होतं. रुजू व्हायच्या दिवशी बस त्यांना आणायला गेली. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला.

"मॅडम, फाट्यावर हाय मी. एक म्हातारं आलंय फक्त. त्याला सिल्लोडला जायचंय. सोडू का?"

त्यानंतर आठवडाभरानं अजिंठ्याकडची एक मुलगी तिच्या आईबरोबर माझ्या ऑफिसात आली. चुलतबहिणीच्या लग्नाच्या खरेदीचं सांगून दोघी घरून निघाल्या होत्या, म्हणून हातात गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी होती. ही मुलगी माझ्या लक्षात होती. चाचणीत तिनं जोडलेली तार उत्पादनाच्या साहेबांनी ओढून बघितली होती आणि काही बोलले नव्हते. त्यांच्याकडून ही फार मोठी स्तुती.

"मॅडम, जागा गेली का माझी?"

"नाही अजून. पण तू आली का नाहीस?"

"दादा नाय म्हणले." दादा म्हणजे तिचे वडील.

"का बरं?"

तिनं आईकडं बघितलं. मग म्हणाली, "कन्नडकडचं एक स्थळ आलंय. त्यांचं घर बघायला दादा आन मामा जाऊन आले. विहीर बघितली, गोठा बघितला, शेजारच्या घरी चहा पिऊन चौकशी केली. तुमच्या कंपनीचं घर तर कुणीच बघितलं नाय. मग दादा कसं हो म्हणतील?"

"स्थळ वाईट नाय वो," आई म्हणाली. "पण पोरगी शिकली तर दोन वर्सं तिच्या हातानं कमवून बघू द्यावं, असं मला वाटतं. दिवाळीच्या आत ही कामाला लागली तर हे त्या पाहुण्यांना थांबा म्हणतील. नाय लागली तर तुळशीचं लगीन झालं की हिचंच." मुलगी पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवत बसली होती.

त्या गेल्यावर आपांनी फोन बाजूला सारला. म्हणाल्या, "बाई, अपन इत्ते दिन नौकरी दे रहे थे. इनो तो रिश्ता देख रहे."

मी मॅनेजरला जाऊन सांगितलं की घरच्यांना कंपनी बघायला बोलवा. मोठं काही नको. बस पाठवा, चहा द्या, त्यांना हवं तिथं फिरू द्या. आणि जेवण द्यायचंच असेल तर अगदी शेवटी ठेवा. आमच्याकडे स्थळ बघायला गेलेली माणसं बोलणं ठरेपर्यंत फक्त चहा घेतात. ताटावर बसली, गोड खाल्लं, म्हणजे होकार झाला.

"चालेल," तो म्हणाला.

मग प्रकरण हेड ऑफिसला गेलं आणि तिकडून 'फॅमिली कनेक्ट डे' होऊन परत आलं. गेटवर फुग्यांची कमान. कमानीवर फ्लेक्स, फ्लेक्सवर परदेशी मुलीचा हसरा फोटो, डोक्यावर पिवळं हेल्मेट. बसमधून उतरल्या उतरल्या एका आजोबांनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस हाय?"

अजिंठ्याकडच्या मुलीचे वडील त्याच बसमधून आले. उंच, पांढरे कपडे, कमी बोलणारे. मका आणि मिरची करणारं बरं घर होतं त्यांचं आणि त्या भागात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाकीच्या घरांतली माणसं त्यांच्यापासून दोन पावलं मागे चालत होती. सोबत मुलीचे मामा, सगळ्यांच्या वाटचं बोलणारे. मुलगी अर्थातच आली नव्हती. घर बघायला मुलीला नेत नाहीत.

आधी सभागृहात सादरीकरण झालं. कंपनीची मूल्यं सांगितली गेली. मग मोठ्या पडद्यावर परदेशातून बडे साहेब अवतरले, दोन वाक्यं बोलले आणि तोंड उघडं असतानाच त्यांचं चित्र गोठलं. लोक अदबीनं बघत राहिले. फुग्यांची चौकशी करणाऱ्या आजोबांनी तर हात जोडले. एवढ्या मोठ्या फोटोपुढं माणूस हात जोडणारच.

आणि बड्या साहेबांच्या वेळेशी जुळावं म्हणून हेड ऑफिसनं जेवण मधेच घेतलं होतं. वसतिगृह बघायच्या आधी. पनीर, पुलाव, गरम जिलबी, पांढरे हातमोजे घातलेले वाढपी. लोकांनी चहाचे कप घेतले आणि भिंतीला लागून उभे राहिले. ताटाकडं कुणी गेलं नाही. जिलबीवर एक माशी होती, तेवढीच काय ती पाहुणी.

मॅनेजर घामाघूम माझ्याकडे आला. "मॅडम, खाना खराब है क्या?"

"उत्तम आहे. म्हणूनच खात नाहीत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगी आईच्या फोनवरून बोलत होती.

"मॅडम, दादा जेवले का?"

"नाही गं."

"गोड काय हाय?"

"जिलबी."

"त्याला पण नाय हात लावला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला नाही. तिकडं कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता. मग मीच ठेवला.

जेवण तसंच झाकून सगळे वसतिगृह बघायला गेले, आणि माणसं एकदम जागी झाली. बायकांनी संडासाच्या कड्या आतून लावून बघितल्या. एकीनं नळ सोडून पाणी चाखलं आणि दुसरीला म्हणाली, "बोअरचं हाय, पण बरं हाय." खिडकी कुठं उघडते, गेटवरचा वॉचमन पितो का, तव्यावर भाकरी होते का नुसती चपाती, सगळं निघालं. मामांनी मॅनेजरला कोपऱ्यात घेतलं.

"साब, आपका गाव कौनसा पडता?"

त्यानं सांगितलं.

"भाऊ कित्ते?"

"जी, एक बहन है."

"शादी हुई?"

"बहन की हुई."

"आपकी?"

"नहीं."

"कायकू?"

सादरीकरणात याला उत्तर नव्हतं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी पाण्याची टाकी बघत राहिले.

मुलीच्या वडलांनी एवढ्या वेळात काहीच विचारलं नव्हतं. ते एका खोलीत जाऊन लोखंडी कॉटवर बसले, हातानं गादी दाबून बघितली आणि मॅनेजरला समोर बसायला सांगितलं. दारात गर्दी झाली.

"साहेब, एकच पूछना था. लडकी यहां बीमार पडी, तो उसके पास बैठेंगा कौन?"

मॅनेजरला हायसं वाटलेलं दिसलं. हा प्रश्न त्याला येत होता. मेडिकल रूम आहे, रुग्णवाहिका आहे, शहरातल्या मोठ्या दवाखान्याशी करार आहे, विमा आहे. एकेका बोटावर त्यानं मोजून दाखवलं.

वडलांनी सगळं ऐकून घेतलं. "वो दवा हुई," ते म्हणाले. "बैठेंगा कौन?"

मॅनेजरनं बोटं मिटली. काहीतरी सुरू केलं, सोडून दिलं. मला वाटलं, संपलं. आता हा मूल्यं सांगणार.

"बाबूजी," तो शेवटी म्हणाला, "सच बोलूं तो कोई नहीं बैठता. यहां आया था, तब मुझे डेंगू हुआ था. फ्लैट पर अकेला था. कोई नहीं बैठा."

"घर नहीं बताया?"

"मां परेशान होती."

"और खाना?"

"मोबाइल से मंगाता था."

"डेंगू में?" मामा ओरडलेच. "क्या मंगाते थे?"

"जो मिलता था. नूडल वगैरह."

दारातल्या बायांमध्ये एक सुस्कारा फिरला. एक जण स्पष्ट म्हणाली, "आगं माय गं, लेकराला पेज बी नाय दिली कुणी." मॅनेजरला शब्द कळले नसावेत, पण त्याचे कान लाल झाले. तो खाली बघून म्हणाला, "आपकी बेटी बीमार हुई तो मैं बैठूंगा. कोई भी लडकी हो. आप आएंगे तब तक."

वडलांनी पुन्हा एकदा गादी दाबली. मग उठले, गर्दीतून वाट काढत जेवणाच्या हॉलमध्ये गेले, आणि हातमोजेवाल्या वाढप्यानं पुढं केलेला चिमटा बाजूला सारून हातानं एक जिलबी उचलली. तिचे तुकडे केले. एक मामांना दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि उरलेला मॅनेजरच्या हातावर ठेवला.

"घ्या. तुमी बी खावा. लई बारीक झालात."

मग ताटांचा जो आवाज सुरू झाला तो पनीर संपेपर्यंत थांबला नाही. मॅनेजर जिलबीचा पाक बोटांवरून ओघळत असताना माझ्याजवळ आला. "मॅडम, हुआ क्या?"

"मुलगी दिली."

"जी?"

"कंपनीला. घाबरू नका."

मी बाहेर जाऊन त्या मुलीला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला. "जिलबी खाल्ली," एवढंच म्हटलं. पलीकडून जोरात आईला मारलेली हाक आली, आणि कोंबड्या उधळल्या.

दिवाळीच्या आत ती आणि बसमधल्या बहुतेक घरांच्या मुली रुजू झाल्या. हेड ऑफिसनं या यशाचं श्रेय फुग्यांच्या कमानीला दिलं आणि तसा आदेश सगळ्या शाखांना पाठवला. नंतर त्या मुलींतल्या काहींची लग्नं झाली, काही पुण्याला गेल्या. मुलांनीच जावं असं थोडंच आहे? माझा फोन पुन्हा न उचललेल्या कॉलांनी भरला. पण ही मुलगी टिकली. कन्नडचे पाहुणे थांबले नाहीत, त्यांनी दुसरी सून केली. तिच्या घरी त्याचं फारसं दुःख झाल्याचं मला कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"मॅडम, वो अजंता वाली लडकी. टायफाइड है. एडमिट किया है. डॉक्टर ने कहा, खतरा नहीं. उसके पिताजी निकले हैं, पर रास्ता खराब है, टाइम लगेगा."

"तुम्ही कुठे आहात?"

"यहीं. बैठा हूं." मग, "अब क्या करना है?"

मी म्हटलं, "काही नाही. बसायचं."

"बस, बैठना है?"

आपांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेटा, गोद में लॅपटॉप है क्या? बंद कर. हां. अब उसकू पूछ, पानी होना क्या. नको बोली तो चुप बैठ. आंखां खोली तो तू दिखना उसकू. इत्ताच काम है."

"चालेल," पलीकडून आलं.

ऑफिस बंद करून आम्ही दोघी संध्याकाळी दवाखान्यात गेलो. बायकांच्या वॉर्डात कडेची कॉट होती. मुलीला सलाईन लावलेलं, चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे. आम्हाला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. कॉटच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मॅनेजर बसल्या बसल्या झोपला होता. मान एका खांद्यावर, तोंड किंचित उघडं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर बंद लॅपटॉप. पडद्यावर गोठलेल्या साहेबांची मला आठवण झाली, पण हा बरा दिसत होता.

तिचे वडील नुकतेच पोचले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. अजिंठ्याचा रस्ता तेव्हाही दुरुस्तच होत होता. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन ते कॉटपाशी उभे होते. भाकरी कॉटवर ठेवून त्यांनी मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग खुर्चीतल्या माणसाकडं बघत राहिले.

"मॅडम," ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "हे जेवलेत का काही?"

मला माहीत नव्हतं. उत्तर कॉटवरून आलं, अगदी बारीक आवाजात.

"नाय. मोबाइलवरून मागवत होते. मीच नको म्हणलं. म्हणलं, दादा आणत्यात."

वडलांनी चपला कॉटखाली सरकवल्या आणि फडक्याची गाठ सोडायला बसले.